घंगाळातलं पिवळं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं त्या डॉक्टर मॅडमना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या अक्काला तर नाहीच. बायकांच्या छातीतली गाठ आवाजाच्या लहरींनी शोधणारं एक यंत्र बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या यंत्रावर माझी थोरली बहीण एकदा झोपली होती. यंत्रानं तिची गाठ टिपली होती. मी ती पाहिली नाही. दिसण्यासारखी नव्हती असं नाही. ती माझी बहीण होती, म्हणून मी बघितलंच नाही.

आता हळदीचे दिवस पुन्हा आलेत. साताऱ्याहून आष्ट्याला निघालो की हमरस्ता सोडल्यावर थोड्याच वेळात तो वास गाडीत शिरतो. शिजणाऱ्या हळदीचा वास ज्यानं घेतलेला नाही त्याला सांगणं अवघड आहे. डब्यातल्या हळदीसारखा तो अजिबात नसतो. उग्र, ओलसर, मातकट, जमिनीच्या पोटातलं काहीतरी उकळत ठेवल्यासारखा. एके काळी तो वास आला की अक्काचं घर जवळ आलं असं वाटायचं आणि मी गाडीची काच खाली करायचो. हल्ली वर करतो. तरी येतोच.

अक्का माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी. कोरेगावच्या आमच्या घरी आई दिवसभर रानात आणि मी अक्काच्या कडेवर, असंच माझं लहानपण गेलं. परड्यात तांब्याचं घंगाळ होतं. त्यात बसवून ती मला घासायची, कानामागं, मानेवर, रडेपर्यंत. "कुठल्या मातीचा हाय रं तू, निघतच न्हाईस," म्हणायची. मग ती लग्न होऊन आष्ट्याला गेली. दाजी फौजेत होते. सुट्टीवर यायचे, मिशा पिळायचे, परत जायचे. ऊस, हळद, जनावरं, सासूचं दुखणं, सगळं अक्कानं ओढलं.

मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात लागलो. आमचं काम लोखंड तपासायचं. साखर कारखान्यांचे रोलर, मोठाले शाफ्ट, ओतीव भाग यायचे. त्यांत कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि परत येणारा पकडायचा. मध्ये भेग असली तर तो तिथूनच लवकर माघारी फिरतो. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या लोखंडाच्या पोटातली केसाएवढी भेग सापडली की दिवसभर मला अन्न गोड लागायचं.

डॉक्टर मॅडम आमच्या मालकांकडे आल्या त्या एक प्रश्न घेऊन. लोखंडातली भेग आवाजानं सापडते, तर छातीतली गाठ का सापडू नये? त्या म्हणाल्या, सोनोग्राफी आहेच, पण ती हात फिरवणाऱ्याच्या हातावर अवलंबून. एक्स-रेवर तरुण बायकांची छाती नुसती पांढरी दिसते, गाठही पांढरी, पांढऱ्यात पांढरं काय शोधायचं? त्यांना असं यंत्र हवं होतं जे एका जागी थांबेल, चारी बाजूंनी ऐकेल, दाबणार नाही, दुखवणार नाही.

ते आम्ही बनवलं. एक टेबल, त्याला मध्ये भोक. बाईनं पालथं झोपायचं. भोकाखाली कोमट पाण्याचं मोठं भांडं, आणि त्या पाण्यात आवाज सोडणारं नि पकडणारं कडं, सावकाश वरखाली होणारं. चरबीतून आवाज हळू जातो, गाठीतून बहुधा लवकर पार होतो. कोणता आवाज कुठं लवकर पोचला, कुठं उशिरा, यावरून आतला नकाशा काढायचा. आमचा मोठा वैरी म्हणजे हवेचा बुडबुडा. म्हणून पाणी आधी खळखळून उकळायचं, हवा काढून टाकायची, मग निववून भांड्यात ओतायचं.

कारखान्यात ज्या वस्तूवर काम चालतं तिला आम्ही 'जॉब' म्हणतो. यंत्र बदललं तरी तोंडातला शब्द बदलला नाही. एकदा बैठकीत मी विचारलं, "जॉब पाण्यात किती खोल सोडायचा?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "जॉब काय म्हणता, सदाशिवराव? बाई आहे ती. आणि पाण्यात जे असणार आहे त्याला नाव आहे. म्हणा बघू."

खोलीत आम्ही सगळे पुरुष. जो तो आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"ब्रेस्ट," मी म्हणालो.

"मराठीत नाव नाही का त्याला?"

मी घसा खाकरला. मॅडमना हसू आलं. "राहू द्या. पण जॉब म्हणायचं नाही."

तोंडानं म्हणायचं आम्ही सोडलं. मनातून मी सोडलं नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं.

खऱ्या बाईच्या आधी यंत्राला खोटे नमुने दाखवावे लागतात. ते मी घरी करायचो. चायना ग्रास शिजवून वाटीत ओतायचं, त्यात चिमूटभर मैदा, आणि आत घट्ट केलेल्या चायना ग्रासची बोराएवढी गाठ लपवायची. मग वाटी फ्रिजमध्ये. एकदा अक्का नि दाजी साताऱ्याला आले होते. दाजी तोवर निवृत्त होऊन घरी आलेले. मी बाहेरून आलो तर दाजी चमचा हातात धरून विचारात पडलेले.

"पाव्हणं, खरवस म्हणून घेतला. पर साखरच न्हाई गड्या ह्यात."

तो खरवस नव्हे, काय होतं ते बायकोनं अक्काच्या कानात सांगितलं. अक्का पदर तोंडात कोंबून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "खावा अजून! मिल्ट्रीत कायबी खायाची सवं लागलीया." मग डोळे पुसत मला म्हणाली, "आन् रं सदा, त्यातली गाठ कुठं गेली?"

"दाजींच्या पोटात."

"म्हंजे मशीनच्या आधी ह्यांनीच हुडकली!"

हसून झाल्यावर तिनं सगळं नीट विचारून घेतलं. यंत्र काय करतं, दुखतं का, कपडे काढावे लागतात का. मी म्हटलं, यंत्राला आजार ओळखायच्या आधी निरोगी म्हणजे काय ते कळायला हवं, आणि त्यासाठी निरोगी बायका लागतात, पण कुणी तयार होत नाही.

"लाजत असत्याल," अक्का म्हणाली. "मी आणते की. हळदीच्या हंगामात समद्याजणी माझ्याच खळ्यावर असत्यात."

आष्ट्यातल्या एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. एका खोलीत टेबल, मॅडम आणि नर्स. दुसऱ्या खोलीत संगणक आणि मी. मधल्या दाराला मॅडमनी हिरवा पडदा लावला होता. अक्कानं तो बोटांत धरून बघितला. "पातळ हाय गं बाई, पल्याडचं दिसतंय." तासाभरात घरून आपलं जाड इरकली लुगडं घेऊन आली आणि ते दाराला बांधलं. पुढं दिवसभर मी त्या लुगड्याच्या काठाकडं बघत बसलो होतो.

बायका बाकावर एकमेकींना खेटून बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत पिवळे, नखं पिवळी.

"आवं अक्का, त्या भोकातनं खाली पडायचा न्हाई न्हवं माणूस?"

"पडलीस तर घंगाळात पडशील. हंगामात एकदा आंगूळ तरी हुईल तुजी."

तेव्हापासून त्या यंत्राला घंगाळ हेच नाव पडलं. अजून आम्ही तसंच म्हणतो.

मॅडम प्रत्येकीला एक गोष्ट सांगायच्या, न कंटाळता. "हे यंत्र अजून शिकतंय. यात काही दिसलं नाही म्हणजे मला काही नाही असं धरून चालायचं नाही. गाठ लागली, दुखलं, स्राव आला तर डॉक्टरकडे जायचंच." लुगड्याआडून ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं.

पहिली अक्काच गेली. "मी जाते फुडं. मला कायबी झालं न्हाई म्हंजे तुमी या." टेबल करकरलं. बांगड्या वाजल्या. मग तिचा आवाज आला, "पानी ऊन हाय गं. आमच्या सदाला अशीच आंगूळ घालायची मी." बाकावरच्या सगळ्या खिदळल्या. इकडं माझे कान तापलेले, समोर पडद्यावर नुसत्या नागमोडी रेघा. तेव्हा चित्र लगेच दिसायचं नाही. त्या रेघांचं गणित संगणकाला घालून द्यायचं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत वाट बघायची.

पदर सावरत अक्का बाहेर आली, लुगड्याचं टोक उचलून आत डोकावली.

"काय रं सदा? हाय का बरं समदं?"

"एकदम ठणठणीत, अक्का."

मी काहीही पाहिलेलं नव्हतं. कसं काय, बरं आहे ना, असं कुणी विचारलं की आपण बरं आहे म्हणतो, तसं मी म्हणालो. बाकावरच्या बायकांनी ते ऐकलं. त्यांची भीड मोडली. एकामागून एक येत गेल्या. दर बाईनंतर पाणी बदलायचं होतं, आणि प्रत्येकीच्या अंगाची हळद त्या पाण्यात उतरायची. नर्स कुरकुरायला लागली तेव्हा मी इकडून म्हणालो, "असू द्या, आवाजाला रंग कळत नाही." दवाखान्यामागची मोरी दुपारपर्यंत पिवळी होऊन वाहत होती.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला, आमच्या कारखान्यात, चित्रं तयार होऊन बसली होती. गोल, करडी, आडव्या कापलेल्या कोबीसारखी. माझं काम सोपं होतं. एकेक उघडायचं, बुडबुड्यानं खराब झालेलं बाजूला काढायचं, शंका असेल ते क्रमांकानिशी मॅडमना द्यायचं. मॅडम त्या बाईला तपासणीला बोलावणार. बाकीची निरोगीच्या ढिगात. चित्रावर नाव नसायचं, फक्त क्रमांक. पण पहिला क्रमांक कुणाचा ते मला माहीत होतं.

कोरेगावला अक्का पहिल्या बाळंतपणाला आली होती तेव्हाचं एक आठवतं. ती बाळाला पाजत असायची आणि मी शाळेतून येऊन खोलीच्या उंबऱ्याशी पोचायचो. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी खाकरायचो आणि पाठ फिरवून ओसरीवर जाऊन बसायचो. त्या सकाळी संगणकापुढं मी तेच केलं. खाकरलोसुद्धा, खोलीत दुसरं कुणी नसताना. पडद्याच्या कोपऱ्यात तिचं चित्र अजून नखाएवढं करडं वर्तुळ होतं. ते मोठं करून न बघता मी पुढं 'ठीक' अशी खूण केली आणि अक्काला निरोगी बायकांच्या ढिगात टाकून दिलं.

"मॅडम, ही माझी बहीण आहे, हिचं तुम्ही बघा." एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. एवढंही म्हणायला मला संकोच वाटला. म्हणजे खाली डोकं घालून टेबलावर झोपताना अक्काला वाटला नाही, हळदीच्या हातांच्या त्या बायकांना वाटला नाही, तो मला वाटला. बाकीच्या बायका माझ्या लेखी अजून जॉब होत्या, म्हणून त्यांच्याकडं मी बिनदिक्कत बघू शकलो. अक्काचा जॉब करता येईना, तर मी पाठच फिरवली. माणूस म्हणून बघायचं आणि तरीही नीट बघायचं, हे मला जमलं नाही.

त्या साली भाऊबीजेला अक्का ओवाळत होती. ताम्हन उचलताना तिचा हात मध्येच थांबला.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. काखंत जरा वढल्यागत हुतंय."

दाजी म्हणाले, "मी म्हनतोय कवापासनं, सांगलीला दावून येऊ."

"काय दावायचं? एवढ्या मोठ्या मशीननं बघितलंय की मला. सदा ठणठणीत म्हनला न्हाई व्हय?" आणि माझ्याकडं बघून ती हसली. तिच्या हातातल्या निरांजनाचा उजेड माझ्या तोंडावर होता. मी म्हणालो, "तरी दाखव एकदा, अक्का." आणखी एक करंजी घे म्हणावं, तितक्याच जोरानं म्हणालो. ती म्हणाली, "हंगाम उरकू दे हळदीचा." आणि मी बरं म्हणालो.

हंगाम उरकल्यावर ती सांगलीला गेली. तिथल्या डॉक्टरांनी दाजींना बाहेर बोलावून विचारलं, इतके दिवस काय करत होता?

मी ते चित्र उघडलं ते त्यानंतर. जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे घेऊन बाहेर गेले होते तेव्हा. वरच्या बाहेरच्या बाजूला, काखेकडं, बोराएवढी. बुडबुडा असता तर त्याच्यामागं काळी सावली पडली असती. सावली नव्हती. एकाखालोखाल एक कापांत ती स्वच्छ, कडा ओबडधोबड, आवाज तिथून लवकर पार झालेला. मॅडम कितीतरी दिवस म्हणत होत्या, एवढी लहान दिसायला हवी, मग खरं. आणि ती दिसत होती. क्षणभर, अगदी क्षणभर, मला आनंद झाला. शाफ्टातली भेग सापडल्यावर व्हायचा तसा. मग ती कुणाची आहे ते आठवलं. चुकीची लाज मला वाटतेच, पण त्या क्षणाची जास्त वाटते.

मी ते चित्र निरोगीच्या ढिगातून काढून टाकलं. मॅडमना सांगितलं, त्यात बुडबुडे आले होते. "हरकत नाही, एक कमी," मॅडम म्हणाल्या. आमच्या यंत्राचा पहिला खरा पुरावा माझ्या बहिणीच्या छातीत होता, आणि तो मी बुडबुडा म्हणून फेकून दिला.

आता घंगाळाचं रूप बदललं आहे. चित्र तिथल्या तिथं दिसतं. दुसऱ्या शहरात एका मोठ्या इस्पितळात त्याच्या चाचण्या चालू आहेत, पडद्यापुढं मुली बसतात आणि जे आहे त्याला नावानं हाक मारतात, मराठीतसुद्धा. मॅडमचे केस पांढरे झालेत. अक्काचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, आले. मधे बरी होती. आता ते मणक्यात उतरलं आहे. डॉक्टर आता दुखू नये एवढंच बघतात. मी जातो, फळं नेतो, पाठीला तेल लावायला दाजींना मदत करतो. दुसरं काय करायचं ते मला कळत नाही. यंत्र बनवणाऱ्याच्या हातांना तिथं काही काम नसतं.

परवा गेलो तर अंगणात शिजलेली हळद वाळत पडलेली. अक्का खाटेवर, डोक्याला स्कार्फ, मांडीवर सुपात हळकुंडं. निवडण्यासारखं काही नव्हतं, हात हलता राहावा म्हणून दिलेलं सूप. शेजारची सून समोर बसली होती. दवाखान्यात पुन्हा तपासणी ठेवलीय, जावं का, म्हणून विचारायला आलेली.

"जा की गं," अक्का म्हणत होती. "लाजायचं काय त्यात? लाजत बसलं की गेलंच समदं. माझ्या भावानं केलंय ते मशीन."

ती सून माझ्याकडं आदरानं बघून निघून गेली. दाजी चहाला आत गेले. अक्कानं सूप बाजूला ठेवलं.

"सदा, एक खरं सांग. तवा नव्हतीच न्हवं गाठ?"

मी सुपातलं एक हळकुंड उचलून परत ठेवलं.

"लोकं म्हनत्यात, मशीनला दिसली न्हाई. मी म्हनते, तवा असती तर दिसली असती. माझा भाऊ बघत हुता तितं."

"अक्का, ऊन आलंय तुझ्या पायावर," मी म्हणालो. "खाट सावलीत घेऊ?"

"आरं, सांग की."

मी खाटेचं एक टोक उचललं. दाजी चहा ठेवून आले, दुसरं टोक त्यांनी धरलं. खाट सावलीत गेली. अक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. निघताना तिनं माझ्या बाहीवर हात ठेवला, त्याचा पिवळा डाग अजून शर्टावर आहे. बायकोनं दोनदा धुतला.

सांगितलं तर तिच्याजवळ उरलेला एकच अभिमान, माझा, तो मी काढून घेईन. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी स्वतःला समजावतो. ते खोटं आहे. तिला त्रास झेपेल, तिनं याहून मोठे पेलले आहेत. तिचं तोंड बघणं मला झेपणार नाही. पुन्हा तेच. पुन्हा मी उंबऱ्याशी येऊन खाकरतो आहे.

ते चित्र मी तेव्हा पुसलं नव्हतं, माझ्याकडं आहे. ते मॅडमना द्यायचं आहे, कारण ते त्यांच्या कामाचं आहे. पण त्याच्याआधी आष्टा. हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं असं होत नाही. हा मजकूर छापून यायला अवकाश आहे. अक्काकडं तेवढा आहे की नाही, कुणी सांगत नाही.

अक्कानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देणं लागतो. तवा होती, अक्का. मशीनला दिसली होती. मी बघितलं नाही. हे तिच्या खाटेजवळ बसून, तिच्या तोंडाकडं बघून सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.